सव्वातीन मैलांचं देणं

कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या डोंगरांत फेल्टन नावाचं छोटं गाव आहे. तिथून वाफेचं इंजिन जोडलेली एक नॅरोगेज गाडी रेडवूडच्या जंगलातून बेअर माउंटनवर चढते. लाइन सव्वातीन मैलांची, जाऊन-येऊन सव्वा तासाचा प्रवास. 'रोअरिंग कॅंप अँड बिग ट्रीज' हे तिचं नाव. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी या देशात आले, संसार मांडला. पण इथे माझं म्हणून काही उभं राहिलं ते या गाडीमुळे. ज्यांच्याकडून घेतलं त्यांतले काही आता कामावरून उतरले, काही हयात नाहीत. काय घेतलं, हे एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझं लहानपण कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. अण्णा नॅरोगेजच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आमच्याकडे त्या लाइनला सगळे 'बार्शी लाइट' म्हणत. 1897 साली ती कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे एका अंगाने पंढरपूर आणि मिरज, दुसऱ्या अंगाने लातूर गाठलं. आषाढीला डब्यांच्या टपावरसुद्धा वारकरी बसलेले असत. भोंगा झाला की अण्णा डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी मोरीत बसून आधी रॉकेलने, मग साबणाने हात धुवायचे. ते दिवसभर तिथे काय करतात, हे मला कुणी विचारलं असतं तर एक वाक्य धड सांगता आलं नसतं. शाळेच्या फॉर्मवर 'रेल्वेत नोकरी' एवढं लिहिलं की भागत असे. घरात तो विषय नव्हता. अण्णा बोलत नसत, आम्ही विचारत नसू. मी कॉमर्स केलं, लग्न झालं, आणि 1998 मध्ये सनीव्हेलला आले.

नवरा संगणकाच्या कामात, वर्ष 2000 ची तारीख बदलण्याआधीची ती धावपळ. मला अवलंबितांचा व्हिसा, म्हणजे नोकरीला परवानगी नाही. इंग्रजी वाचता यायचं, पण बोलायची वेळ आली की शब्द घशात अडकायचे. दुकानात काही हवं असलं तरी मी स्वतः फळ्या धुंडाळायची, विचारायची नाही. असं वर्षभर गेलं. मग नवऱ्याच्या ऑफिसातलं एक कुटुंब एका रविवारी आम्हाला फेल्टनला घेऊन गेलं.

त्या दिवशी मला जंगल कळलं नाही, हे आधी सांगायला हवं. उघड्या डब्यात लाकडी बाकावर बसून मी मान वर करून झाडं बघत होते. सगळीच प्रचंड, सगळीच जुनी, असं धरून चालले होते. गाडीचा कंडक्टर माहिती सांगत होता. चढावर तो म्हणाला, तुम्ही बघताय ती बहुतेक दुसऱ्या पिढीची झाडं आहेत. मूळची कापून नेली. मग त्याने रुळांच्या कडेचा एक बुंधा दाखवला. आमच्या क्वार्टरच्या खोलीएवढा रुंद, काळा, शेवाळलेला, आणि भोवती गोल करून उभी असलेली सरळ झाडं. रेडवूड कापलं तरी मुळाशी जिवंत राहतं आणि बुंध्याच्या कडेने धुमारे फुटतात. त्यांची झाडं होतात आणि मधला बुंधा कुजून गेला तरी वर्तुळ राहतं. वर डोंगरमाथ्याजवळ गाडी थांबते तिथे असंच एक मोठं वर्तुळ आहे. सगळे त्यात जाऊन उभे राहिले. मीही राहिले. या जंगलाबद्दल मला शिकवलेली ती पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट इंजिनाकडून आली. गाडीला 'डिक्सियाना' होतं. ते 1912 साली ओहायोतल्या लिमा कारखान्यात बनलं आणि इथे येण्यापूर्वी व्हर्जिनियात डिक्सियाना नावाच्या ठिकाणी कोळशाच्या कामावर होतं. चढताना त्याचा आवाज ऐकला तर वाटावं, गाडी भरधाव निघाली आहे. बाहेर बघावं तर एखादा तरणा माणूस बरोबरीने धावू शकेल इतकीच गती. हे असं का, ते मला समजेना. वर गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हर खाली उतरून तेल घालत होता. मी जवळ गेले आणि विचारलं. वाक्य मोडकंतोडकं होतं, पण अनोळखी माणसाला मी होऊन विचारलेला तो इथला पहिलाच प्रश्न.

त्याने झारी खाली ठेवली. मला इंजिनाच्या उजव्या बाजूला नेलं आणि म्हणाला, सगळं काम इथे आहे. नेहमीच्या इंजिनात सिलिंडर आडवा असतो आणि पिस्टनचा दांडा थेट मोठ्या चाकांना जोडलेला असतो. इथे तीन सिलिंडर उभे, तेही एकाच बाजूला. त्यांचं वजन तोलायला बॉयलर मधोमध नसून डावीकडे सरकवलेला. तिन्ही पिस्टन खाली क्रँक फिरवतात, क्रँकला जोडलेला लांब शाफ्ट चाकांच्या बाहेरून पुढे-मागे जातो आणि दातेरी गिअरने प्रत्येक एक्सल फिरवतो. चाक एकदा फिरायला क्रँकला दोन-तीनदा फिरावं लागतं, म्हणून आवाज जास्त आणि गती कमी. शाफ्ट अखंड नाही. मधे सांधे आहेत, एकमेकांत सरकणारे तुकडे आहेत, म्हणून वळणावर चाकं वळली तरी तो मोडत नाही. हे सगळं त्याने सावकाश सांगितलं आणि मला कळत नाही असं दिसलं की हाताने करून दाखवलं. शेवटी वेळापत्रकाच्या कागदामागे पेन्सिलीने चित्र काढून दिलं.

या जातीच्या इंजिनाला 'शे' म्हणतात. एफ्राइम शे हा मिशिगनमधला लाकूडतोडीचा व्यावसायिक. ओंडके हिवाळ्यात बर्फावरून ओढून न्यायचे आणि बर्फ वितळलं की काम बंद, ही त्याची अडचण. त्याने लाकडी रूळ टाकून पाहिले, पण नेहमीच्या इंजिनाच्या वजनाने ते टिकेनात. म्हणून त्याने सगळं वजन लहान चाकांच्या गाड्यांवर वाटून टाकलं आणि प्रत्येक चाकाला ओढायला लावलं. 1881 मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि लिमाच्या कारखान्याने पुढे अशी पावणेतीन हजारांच्या आसपास इंजिनं बांधली. हे मी नंतर सार्वजनिक वाचनालयात वाचलं. वाचनालयात जाऊन पुस्तक कुठे आहे ते विचारणं हा माझा दुसरा प्रश्न. तिथल्या बाईंनी मला वाचनालयाचं कार्ड करून दिलं. त्यानंतर विचारायची भीती हळूहळू सुटत गेली.

अण्णा आणि आई 2004 च्या उन्हाळ्यात आले. अण्णा निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. पंढरपूरची लाइन ब्रॉडगेज झाली होती, लातूरची व्हायची होती. गोल्डन गेट, सॅन फ्रान्सिस्को सगळं दाखवून झालं. अण्णा 'छान आहे' म्हणत आणि गप्प बसत. फेल्टनला मी त्यांना घेऊन गेले ते झाडं दाखवायला. डबा त्यांनी बघितलाच नाही. थेट इंजिनाकडे गेले आणि काही न सांगता वळसा घालून उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले.

ड्रायव्हर खाली उतरला आणि सिलिंडरच्या खालच्या बेअरिंगांना एकेक करून हात लावू लागला. तळवा नव्हे, हाताची पालथी बाजू.

"पालथा हात," अण्णा म्हणाले.

मी विचारलं, "तसा का लावतात?"

"मागची कातडी पातळ असते, ऊब लगेच कळते. आणि भाजलंच तर तळवा शाबूत पाहिजे. तळवा भाजला की पान्हा धरता येत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "आमच्याकडं नव्या पोराला पहिलं हेच शिकवायचे."

ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं. मी सांगितलं, माझे वडील भारतात नॅरोगेजच्या कारखान्यात फिटर होते. त्याने अण्णांना खुणेने पुढे बोलावलं. अण्णांनी बाही वर सारली आणि पालथा हात पहिल्या बेअरिंगला लावला, मग दुसऱ्या. दुसऱ्यावर त्यांचा हात थोडा जास्त वेळ थांबला. ड्रायव्हरने मान हलवली आणि झारी पुन्हा तिथे लावली. दोघांमध्ये जे काही बोलणं झालं ते 'क्रँक', 'पॅकिंग', 'बिग एंड' एवढ्या शब्दांत झालं. मला त्यात काही भाषांतर करावं लागलं नाही.

गाडी निघाल्यावर अण्णा बाहेर न बघता खालचा आवाज ऐकत होते. मी त्यांना शेच्या युक्तीबद्दल वाचलेलं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे वजन वाटून घेतलंय. आपल्या बार्शी लाइटचं तेच. कॅलथ्रॉप साहेबानं एका एक्सलवर पाच टनांच्या वर ओझं येऊ दिलं नाही. इंजिन असू दे नाहीतर मालडबा. म्हणून यार्डाला तीस पौंडांचे हलके रूळ चालले, म्हणून लाइन स्वस्तात झाली." एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट बांधली हे मला ठाऊकच नव्हतं. अमेरिकेतला लाकूडतोड्या आणि सोलापूर जिल्ह्यात रूळ टाकणारा इंजिनिअर, दोघांनी जवळपास एकाच काळात एकाच अडचणीला एकाच दिशेने हात घातला होता, हे वडिलांच्या तोंडून कळायला मला सात समुद्र ओलांडून यावं लागलं.

अर्ध्या वाटेवर गाडी थांबते, सांधा बदलतात, ती मागे ढकलत चढते आणि पुन्हा थांबून पुढे निघते. पूर्वी इथे लाकडी पुलावरून स्वतःभोवतीच फिरून चढणारं वळण होतं. 1976 मध्ये कुणीतरी लावलेल्या आगीत तो पूल जळाला, तेव्हा त्याच्याऐवजी ही मागे-पुढे चढण बांधली. इथे शंभर फुटांत साडेनऊ फुटांच्या आसपास चढ आहे. अण्णांना मी हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी बोटांवर हिशेब केला. "भोर घाटात सदतीसला एक. हा त्याच्या तिपटीहून जास्त. घाटात पण पूर्वी खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं, गाडी उलटी करून चढवायचे." मग त्यांनी बाकाच्या पाठीला हात लावून ठेवला आणि तो चढ संपेपर्यंत काढला नाही.

त्या रात्री ते बोलू लागले. मुक्काम होता तोवर रोज संध्याकाळी बोलत राहिले आणि मी वहीत लिहून घेत राहिले. बॉयलरच्या नळ्या कशा बदलायच्या, कुठली नळी आतून गळते हे बाहेरून कसं ओळखायचं, बेअरिंगमध्ये मऊ धातू ओतून तो खरवडून कसा बसवायचा, आषाढीच्या आधी कुठली इंजिनं तयार ठेवायची. आई म्हणाली, हे मला पण कधी सांगितलं नाही. अण्णा म्हणाले, कुणी विचारलं नाही. त्यात राग नव्हता. जसं होतं तसं ते म्हणाले. त्यांना विचारायचं कसं, हे मला त्या ड्रायव्हरने शिकवलं होतं. ती वही आज माझ्याकडे आहे. अण्णा नाहीत.

नंतर व्हिसा बदलला, नोकरी करायला मोकळीक मिळाली. हिशेबाचं काम मिळत होतं. मी ते थोडं करून पाहिलं. पण मन फेल्टनकडेच ओढत होतं. इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी निसर्गशास्त्राचे वर्ग घेतले. वर्गात सगळ्यांत मोठी मी. गाडीच्या स्टेशनाला लागूनच हेन्री कॉवेल रेडवूड्स हे राज्य उद्यान आहे, तिथे स्वयंसेवक मार्गदर्शक म्हणून शिकाऊ झाले. इथली जुनी राई तोडीतून वाचलेली आहे. तिच्यातलं सर्वांत उंच झाड 277 फुटांच्या आसपास आहे, सर्वांत जुनी झाडं दीड हजार वर्षांच्या घरातली. एवढ्या झाडाला सोटमूळ नसतं. मुळं उथळ असतात, लांबवर पसरतात आणि शेजारच्या मुळांत गुंततात. कोरड्या उन्हाळ्यात समुद्रावरून धुकं येतं, पानांवर साचतं, थेंब थेंब खाली पडतं, आणि पावसाविना गेलेल्या महिन्यांत झाडं त्यावर तगतात. हे मी आता शाळेच्या मुलांना सांगते. पण सुरुवात मी बुंध्याच्या वर्तुळापासून करते, कारण मला तिथूनच कळायला लागलं.

या सगळ्यात एक गोष्ट मला बरीच वर्षं टोचत होती. ज्या इंजिनाने मला माझे वडील समजावले, त्याच जातीच्या इंजिनांनी ही जंगलं उतरवली. सोन्याच्या शोधात 1849 पासून माणसं लोटली आणि सॅन फ्रान्सिस्कोची घरं रेडवूडची झाली. कॉवेल हे नाव उद्यानाला आहे त्याच कुटुंबाच्या चुनाभट्ट्यांत इथलं लाकूड जळत होतं. किनाऱ्यालगतच्या मूळ रेडवूड जंगलांपैकी आज सुमारे पाच टक्के उरलं आहे. मग या गाडीचे आभार मानताना नेमके कशाचे मानायचे? याचं उत्तर मला एका जुन्या भांडणात सापडलं. 1900 च्या सुमाराला सॅन होजेचा अँड्र्यू हिल हा छायाचित्रकार याच राईत फोटो काढत होता. राई तेव्हा खासगी मालकीची होती. मालकाने त्याच्याकडे फोटोंच्या निगेटिव्ह काचा मागितल्या. हिलने त्या दिल्या नाहीत, आणि ही झाडं सगळ्यांची झाली पाहिजेत म्हणून खटपट सुरू केली. त्यातून सेम्परव्हिरेन्स क्लब उभा राहिला आणि 1902 मध्ये जवळच्या बिग बेसिनचं जंगल राज्याने घेतलं. फेल्टनची ही राई मात्र आधीच वाचली होती ती वेल्च नावाच्या मालकाने 1867 मध्ये विकत घेऊन तिथे कुऱ्हाड चालू दिली नाही म्हणून, आणि पुढे रेल्वेने सहलीला येणारे लोक तिचे गिऱ्हाईक झाले म्हणून. तोडलेलं लाकूड रेल्वेने गेलं आणि उभी झाडं बघायला माणसंही रेल्वेनेच आली. दोन्ही खरं आहे. मुलांना मी दोन्ही सांगते.

नॉर्मन क्लार्क यांनी 1963 मध्ये ही गाडी सुरू केली, तेव्हा वाफेची इंजिनं सगळीकडे भंगारात निघत होती. 1985 मध्ये ते गेले, त्यानंतर त्यांच्या पत्नी जॉर्जियाना क्लार्क यांनी ती चालू ठेवली. शंभर वर्षांपूर्वीच्या यंत्राचा सुटा भाग बाजारात मिळत नाही. मोडलं की स्वतः घडवावा लागतो. अण्णांच्या वहीतली निम्मी कामं या लोकांना आजही रोज करावी लागतात. म्हणून त्यांच्या शेडपाशी गेले की मला माहेरी गेल्यासारखं वाटतं.

ऑगस्ट 2020 मध्ये कोरड्या विजा पडल्या आणि सांताक्रूझचे डोंगर पेटले. फेल्टन रिकामं केलं. आम्ही डोंगरापलीकडे होतो, तरी आकाश नारिंगी झालं होतं आणि गाड्यांवर राख पडत होती. बिग बेसिन जळालं. फेल्टनची राई आणि गाडी वाचली. पुढे बिग बेसिनमध्ये जायला मिळालं तेव्हा काळ्याठिक्कर खोडांवर बुडापासून वरपर्यंत हिरवे कोंब फुटले होते. जाड सालीत फारशी राळ नसते, म्हणून आग सहज आत पोहोचत नाही. सालीखाली झोपलेले डोळे असतात, ते फुटतात. हे मी वर्गात शिकले होते, मुलांना सांगितलंही होतं. प्रत्यक्ष बघताना माझ्याबरोबरच्या जुन्या स्वयंसेवक बाई काही बोलल्या नाहीत, फक्त एका कोंबाला बोट लावून बघितलं.

मला चित्र काढून देणारे ड्रायव्हर केव्हाच निवृत्त झाले. त्यांचे आभार मी मानले होते, पण कशाचे ते त्यांना पूर्ण सांगता आलं नाही, कारण तेव्हा मलाच ते कळलेलं नव्हतं. आता उन्हाळ्यात ओळखीपाळखीच्या लोकांचे आईवडील भारतातून येतात. मुलं कामावर, म्हातारी माणसं घरात. मी त्यांना फेल्टनला घेऊन जाते आणि गाडी सुटण्याआधी इंजिनाच्या उजव्या बाजूला उभं करते. त्यांच्यात कुणी साखर कारखान्यात होतं, कुणी सूतगिरणीत, कुणी वीज मंडळात. ते निरखून बघायला लागले की मी ड्रायव्हरला सांगते, यांना काही विचारायचं आहे, आणि दुभाषी म्हणून मधे उभी राहते. मागच्या उन्हाळ्यात एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले एक काका आले होते. बराच वेळ वाकून शाफ्टचे सांधे बघितल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "या गिअरला ग्रीस किती दिवसांनी लावतात, विचार की."

मी विचारलं. ड्रायव्हर उत्तर द्यायला खाली उतरला.